टेकडीवरच्या भाकितकारांस खुले पत्र

प्रति,
दर रविवारी सकाळी फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर जमणारी ‘डॉक्टर हू’प्रेमी मंडळी,
पुणे.

पुणे, जानेवारी २०२६

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्यातील एका ज्येष्ठ सदस्याने ‘बिली पायपर ही डॉक्टर नाहीच, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे’ असे जाहीर केले. (बाहेरच्या वाचकांसाठी: ‘डॉक्टर’ हा बीबीसीच्या या विज्ञानकथा मालिकेचा नायक, मरणवेळी चेहरा आणि देह बदलून जगत राहणारा परग्रहवासी; बिली पायपर ही पूर्वी त्याची सोबतीण रोझ टायलर साकारणारी अभिनेत्री.) त्यावर नुकतीच येऊ लागलेल्या, नववीत शिकणाऱ्या मुलीने ‘कशावरून?’ असे विचारले. तिला मिळालेले उत्तर एवढेच होते की, आम्ही ही मालिका तुझ्या जन्माच्या आधीपासून पाहत आलो आहोत. सगळे हसले, मीही हसले, आणि विषय चहाकडे वळला. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. वर्गात कोणी अशा प्रश्नाला असे उत्तर दिले असते, तर मी ते खपवून घेतले नसते. टेकडीवर मात्र खपवून घेतले, ही गोष्ट आठवडाभर मनात टोचत राहिली. म्हणून हे पत्र. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, आपल्यासारख्या मंडळी इतरत्रही असतील आणि त्यांच्याकडेही कोपऱ्यात बसून ‘कशावरून?’ विचारणारे कोणी असेल.

मुलीचा प्रश्न बिनतोड होता. ३१ मे २०२५ रोजी प्रसारित झालेल्या ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’ या भागाच्या अखेरीस शूटी गाटवा याने साकारलेल्या डॉक्टरचा कायापालट, म्हणजे आपण ज्याला रिजनरेशन म्हणतो तो, झाला आणि प्रकाशाच्या झोतातून बिली पायपरचा चेहरा बाहेर आला. ती आश्चर्याने ‘ओह, हॅलो’ एवढेच म्हणाली. त्यानंतरच्या श्रेयनामावलीत तिचे नाव नव्या कलाकाराच्या थाटात दिले होते, पण अशा वेळी जोडले जाणारे ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ हे शब्द तेथे नव्हते. पडद्यावरचा पुरावा येथे संपतो. यापुढचे सारे आपले अनुमान आहे. ते ‘सगळ्यांना ठाऊक’ कधी झाले, हे मलाही कळलेले नाही.

अनुमान करूच नये असे माझे म्हणणे नाही. या मालिकेइतका अनुमानाचा हक्क प्रेक्षकाला दुसऱ्या कोणत्या मालिकेने दिला असेल असे मला वाटत नाही, कारण तिच्या कर्त्यांनाच पुष्कळदा पुढचे माहीत नव्हते. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर पहिला भाग लागला, तेव्हा हा म्हातारा कोण, कुठला आणि पोलिसांच्या निळ्या खोक्यातून का हिंडतो, याची उत्तरे कोणी लिहून ठेवलेली नव्हती. (त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचे लखनौचे, हे मी संधी मिळेल तेथे सांगते, आणि येथेही सांगितले.) विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईनाशी झाली, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी नायकच बदलावा असे ठरले आणि १९६६च्या ऑक्टोबरात ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या शेवटी त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन उठून बसले. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे मालिकेचा कणा झाली. तिला ‘रिजनरेशन’ हे नाव तर १९७४ साली मिळाले. म्हणजे मधली आठ वर्षे नेमके काय घडले याला पडद्यावर पक्के नावसुद्धा नव्हते, आणि प्रेक्षक आपापल्या परीने अर्थ लावत होते.

१९७६ हे वर्ष मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टर आणि खलनायक मॉर्बियस यांच्यात मनोयुद्ध होते, आणि यंत्राच्या पडद्यावर डॉक्टरचे जुने चेहरे एकामागून एक दिसतात. ओळखीचे चेहरे संपल्यावर आणखी आठ अनोळखी चेहरे येतात. ते होते निर्मितीतल्याच माणसांचे, पोशाख चढवून काढलेले फोटो. मात्र कथेत ते कोणाचे? हार्टनेलच्या आधीच्या डॉक्टरांचे, की मॉर्बियसचे? या एका प्रश्नावर चाहते चव्वेचाळीस वर्षे भांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द डेडली असॅसिन’मध्ये टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कोणालाही, बाराच वेळा कायापालट करता येतो असा नियम एका संवादात येऊन गेला, आणि त्यामुळे पुढे पहिल्या पक्षाची बाजू लंगडी पडली, कारण आधी आठ डॉक्टर होऊन गेले असतील तर थोड्याच वर्षांत हिशोब जुळेना. पुढे १ मार्च २०२० रोजी ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये मालिकेचे तेव्हाचे मुख्य लेखक क्रिस चिबनॉल यांनी डॉक्टरला हार्टनेलच्या आधीची अगणित आयुष्ये दिली आणि तेच जुने आठ चेहरे तेथे पुन्हा दाखवले. वाद मिटला असे नाही. तो आता वेगळ्या कारणाने चालू आहे. पण चव्वेचाळीस वर्षे दोन्ही बाजूंनी जो युक्तिवाद झाला तो पडद्यावर दिसलेल्या आठ चित्रांवर झाला, आणि म्हणूनच तो वाचायला आजही मजा येते.

बारा कायापालटांच्या मर्यादेचेही तसेच. १९७६ साली एका कथेची सोय म्हणून आलेल्या आकड्याने पुढच्या पिढ्यांना बोटे मोजायला लावली. २०१३मध्ये जॉन हर्ट यांचा युद्धकाळातील डॉक्टर मध्येच उपटला, शिवाय २००८मध्ये डेव्हिड टेनंटच्या डॉक्टरने चेहरा न बदलता खर्ची घातलेला एक कायापालट हिशोबात धरला गेला, आणि मॅट स्मिथचा अकरावा म्हणवला जाणारा डॉक्टर प्रत्यक्षात तेरावा, म्हणजे शेवटचा ठरला. त्या नाताळात टाइम लॉर्डांनी त्याला नवे आयुष्यचक्र दिले. ही बेरीज काही चाहत्यांनी आधीच मांडली होती. त्यांना कोणाची कुजबुज ऐकावी लागली नव्हती. त्यांनी भाग लक्ष देऊन पाहिले होते.

आता बिली पायपरकडे येते, कारण येथे खरोखर करण्याजोगे काम आहे आणि आपण ते केलेले नाही. मालिकेत ओळखीचा चेहरा परत येण्याची उदाहरणे कोणती, याची आपण कधी जंत्री केली का? १९७९च्या आरंभी लाला वॉर्ड यांनी राजकन्या अ‍ॅस्ट्रा साकारली आणि त्याच वर्षी पुढच्या पर्वात रोमाना ही टाइम लेडी चक्क कपडे घालून पाहावेत तशी वेगवेगळी शरीरे धारण करून पाहते आणि शेवटी अ‍ॅस्ट्राचाच चेहरा पसंत करते. म्हणजे आवडलेला चेहरा निवडता येतो, हे पडद्यावर सिद्ध आहे. पीटर कपाल्डी २००८मध्ये पॉम्पेईच्या कथेत संगमरवराचे व्यापारी होते. पुढे ते डॉक्टर झाले, आणि २०१५मध्ये डॉक्टरला उमगले की, माणसे वाचवणे हे आपले काम आहे याची आठवण राहावी म्हणून आपण हा चेहरा घेतला. म्हणजे चेहरा नकळतही निवडला जातो आणि त्यामागे अर्थ असू शकतो. २०१३मध्ये टॉम बेकर यांचा वृद्ध संग्रहालयप्रमुख सुचवून गेला की, जुने आवडते चेहरे पुन्हा घ्यावेसे वाटतील. २०२२मध्ये जोडी व्हिटेकरच्या जागी टेनंट उभा राहिला तेव्हा तेच घडले. याउलट कॉलिन बेकर १९८३मध्ये मॅक्सिल नावाचे अधिकारी होते आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर झाले, त्याचा खुलासा पडद्यावर कोणी केला नाही. नट तोच, बाकी काही नाही.

या पार्श्वभूमीवर रोझ टायलरचा, म्हणजे डॉक्टरने सर्वाधिक जीव लावलेल्या माणसांपैकी एकीचा, चेहरा डॉक्टरने धारण करणे मालिकेच्या आजवरच्या वागण्याशी सुसंगत आहे. मात्र आपल्या ज्येष्ठ सदस्यांची बाजूही अगदीच निराधार नाही, हे मला प्रामाणिकपणे मांडले पाहिजे: २०१३च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये ‘मोमेंट’ या सजाण अस्त्राने रोझचेच रूप घेतले होते आणि तीही बिली पायपरच होती. शिवाय श्रेयनामावलीतले ते गाळलेले शब्द आहेतच. त्यांनी यातले काही सांगितले असते, तर त्या मुलीला उत्तर मिळाले असते आणि मला हे पत्र लिहावे लागले नसते.

अक्षरांच्या फिरवाफिरवीबद्दल चार शब्द लिहिते, कारण आपल्या बैठकीचा निम्मा वेळ त्यात जातो. ही सवय निर्मात्यांनीच लावली. १९८०च्या दशकात मास्टर या डॉक्टरच्या जुन्या शत्रूचे पुनरागमन लपवण्यासाठी अँथनी एन्ली यांच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून बनावट नटांची नावे छापली जात. २००७मध्ये ‘तू एकटा नाहीस’ या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून प्राध्यापक याना म्हणजे वेशांतर केलेला मास्टर असल्याचे उलगडले, तेव्हा तर आपल्याला आकाश ठेंगणे झाले. पण त्याच पर्वातल्या ‘मिस्टर सॅक्सन’ या नावाच्या इंग्रजी अक्षरांतून ‘मास्टर क्रमांक सहा’ असे निघते, हा शोध कितीही अचूक वाटला, तरी तो योगायोग असल्याचे खुद्द मालिकेचे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी सांगितले आहे. आणि २०२४मध्ये तर आपल्या या खोडीचाच सापळा झाला. सुझन ट्रायड या उद्योजिकेच्या ‘एस. ट्रायड’ या नावातून ‘टार्डिस’, म्हणजे डॉक्टरच्या निळ्या खोक्याचे नाव, निघते हे आपण ओळखले, कथेतल्या पात्रांनीही ओळखले, आणि ती डॉक्टरची हरवलेली नात सुझनच असणार अशी आपली खात्री पटली. प्रत्यक्षात ती नात नव्हतीच. तिच्या ‘सुझन’चे ‘सू’ करून ते कंपनीच्या नावातल्या ‘टेक’ला जोडले की ‘सुटेख’ ऐकू येते, आणि १९७५च्या कथेतला तो मृत्युदेव समोर येऊन उभा राहिला. या प्रकरणात चलाखी कोणाची अधिक, हे आपण एकदा मान्य करून टाकावे.

त्याच पर्वातली माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे मी केवळ इतरांच्या पाठीत धपाटे घालते असे कोणी म्हणू नये. डॉक्टरची सोबतीण रूबी संडे हिला २००४च्या नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या दारात ठेवून जाणारी तिची आई कोण, यावर मी सहा आठवडे टेकडीवर व्याख्याने दिली. ती सुझनची वंशज आहे, असे माझे ठाम मत होते. बर्फ, गाणे, अंगरखा, सगळ्याचा अर्थ मी लावला होता. २२ जून २०२४च्या भागात ती आई निघाली पंधराव्या वर्षी मूल झालेली एक साधी मुलगी. तिला महत्त्व आपणच बहाल केले होते, असे डॉक्टर म्हणतो. मला प्रथम राग आला, मग पटले. (रूबीभोवती बर्फ का पडत असे, याचा खुलासा मात्र मला आजही अपुरा वाटतो, तो दोष मी लेखकाच्या खात्यावर ठेवते.) पण सांगायची गोष्ट पुढची आहे. पुढच्या रविवारी मी टेकडीवर म्हटले की, ‘ती सामान्य असणार अशी शंका मला होतीच.’ ते खोटे होते. आपल्यापैकी एकानेही मला अडवले नाही, कारण आधी मी काय म्हटले होते ते कोणी लिहून ठेवलेले नव्हते, आणि कदाचित त्या दिवशी प्रत्येकाला तीच सवलत हवी होती.

राणीबाबतही आपण असेच मोठे झालो. १९८५मध्ये केट ओमारा यांनी साकारलेली ही दुष्ट शास्त्रज्ञ. नाव आपल्याकडचे, म्हणून पुण्यात तिच्यावर जरा जास्तच लोभ. मालिका २००५मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून पडद्यावर कोणतीही गूढ बाई दिसली की आपल्यापैकी कोणीतरी ‘ही राणीच’ म्हणत असे. दर वेळी ती दुसरीच कोणी निघे आणि आपण ते विसरत असू. १७ मे २०२५ रोजी रूबीची शेजारीण मिसेस फ्लड ही राणी असल्याचे उघड झाले आणि तिच्यातून आर्ची पंजाबीच्या रूपाने दुसरी राणी बाहेर पडली, तेव्हा आपण टेकडीवर पेढे वाटले. वीस वर्षे रोज ‘आज पाऊस पडणार’ म्हणणाऱ्याला जूनमध्ये हवामानतज्ज्ञ ठरवण्यासारखे ते होते. मिसेस फ्लडबद्दल २०२३च्या नाताळापासून नेमका तर्क देणारे आपल्यात दोघे होते. पेढे त्यांना मिळायला हवे होते, सर्वांना नव्हे.

येथे मला पुण्यातलाच एक प्रयोग आठवतो. डॉ. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २००८मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या, आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली हे सांगायला सांगितले. ५१ जणांनी कुंडल्या घेतल्या, २७ जणांची उत्तरे आली, आणि बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण निघाले ४६ टक्के. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी ५०च्या आसपास गेले असते. मी हे उदाहरण वर्गात अनेकदा वापरले. त्यातला कळीचा भाग ४६ हा आकडा नाही. उत्तर आधी लेखी घेतले होते आणि चुकलेलेही मोजले होते, यात त्या प्रयोगाचे सारे बळ आहे. नारळीकर मे २०२५मध्ये गेले. विज्ञानकथा लिहिणारा माणूस विज्ञानाची शिस्त आणि कल्पनेची भरारी एकाच टेबलावर ठेवू शकतो, हे या शहराने त्यांच्यामुळे पाहिले आहे, आणि विज्ञानकथेवर गप्पा मारणाऱ्या मंडळींनी त्यातली निदान वही-पेनाची शिस्त घ्यायला हरकत नसावी.

तेव्हा माझी मागणी अशी की, आपण एक वही ठेवावी. ज्याला अंदाज करायचा त्याने तारीख घालून तो लिहावा. कोणत्या भागात काय दिसले म्हणून तो केला ते लिहावे. काय घडले तर आपण चुकलो असे मानू, तेही लिहावे. आणि आपली खात्री शंभरात किती, तो आकडा टाकावा. चुकीचे काय ते ज्याला लिहिता येणार नाही, त्याचा अंदाज अंदाज नव्हे. तो गप्पांत चालेल, वहीत नको. आपल्या परंपरेत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची पाडण्यासाठी. गेले वर्षभर आपण पहिल्यावरून तिसऱ्यावर घसरलो आहोत असे मला वाटते.

‘आतल्या गोटातली बातमी’ वहीत येऊ नये, ही दुसरी मागणी. डिस्नेबरोबरची भागीदारी संपली आणि २०२६च्या नाताळासाठी रसेल टी. डेव्हिस एक विशेष भाग लिहिणार आहेत, हे बीबीसीने २०२५च्या ऑक्टोबरात स्वतः जाहीर केले, ती बातमी. कोणाच्या तरी परिचिताने कार्डिफमध्ये, जेथे चित्रीकरण होते तेथे, कोणाला तरी पाहिले, ही बातमी नव्हे आणि अनुमानही नव्हे. ती खरी ठरली तर ज्याला कथा कथेतून कळावी असे वाटते त्याचा रस जातो, आणि खोटी ठरली तर ती सांगणाऱ्याला पुढच्या रविवारी कोणी विचारत नाही. कथेने आपला अंदाज मानला नाही म्हणून लेखकाला शिव्या घालणाऱ्यांबद्दल मी लिहिणार होते, पण वही ठेवली की त्यांचे तोंड आपोआप आवरेल असा माझा कयास आहे (खात्री शंभरात चाळीस).

आपल्यासारख्या माणसांनी या मालिकेसाठी केलेली एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. १९६०च्या दशकातल्या कितीतरी भागांच्या फिती बीबीसीने पुसून टाकल्या. ट्रॉटन यांची पहिली कथा, म्हणजे इतिहासातल्या पहिल्या कायापालटानंतरची कथा, चित्ररूपात हरवली. पण त्या भागांचा आवाज वाचला आहे, कारण घरोघरी चाहत्यांनी दूरदर्शन संचासमोर ध्वनिमुद्रक धरून तो टिपून ठेवला होता. त्यांतल्या कोणालाही पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. समोर जे चालले होते ते त्यांनी नीट टिपले, एवढेच.

अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी आखीव वही मी आणली आहे. पहिल्या पानावर त्या मुलीचा ‘कशावरून?’ हा शब्द लिहिला आहे, तिची परवानगी घेऊन. दुसऱ्या पानावर माझी नोंद आहे, ती येथे देते: बिली पायपर ही डॉक्टरच आहे आणि रोझचा चेहरा का घेतला याचे कारण कथेत सांगितले जाईल. आधार: रोमाना १९७९, कपाल्डी २००८ व २०१५, टेनंट २०२२. चूक कधी मानीन: ती मोमेंट, रोझ किंवा अन्य कोणी असल्याचे पडद्यावर स्पष्ट झाले, अथवा ती डॉक्टर निघूनही चेहऱ्याचा खुलासा झालाच नाही, तर. खात्री: शंभरात पंचावन्न. तिसरे पान आपल्या ज्येष्ठ सदस्यांसाठी कोरे ठेवले आहे. रविवारी साडेसहाला येते. पेन ज्याचे त्याने आणावे.

आपली,
टेकडीवर उशिरा पोहोचणारी, संख्याशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका